संसारांतील यंत्रें : मोटारीची मुकी किल्ली

किल्ली या वस्तूला आपल्या घरांत फार जुना मान आहे. कोठीच्या, तिजोरीच्या आणि माजघरांतील कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा जिच्या कनवटीला, तिचा शब्द घरांत अखेरचा, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणासहि सांगावयास नको. त्या जुन्या किल्लीचा एक मोठा गुण असा होता कीं, तिचें काय बिघडलें तें डोळ्यांना दिसे. दांता झिजला, गंज चढला, कुलुपांत धूळ बसली. थोडें तेल सोडलें, कानस फिरविली, काम झालें. मोटारीच्या आजच्या किल्लीचें तसें नाहीं. ती म्हणजे मुठींत मावणारी एक गुळगुळीत काळी डबी. आंत काय चाललें आहे याचा बाहेरून पत्ता लागत नाहीं, आणि एके दिवशीं बटण दाबावें तों गाडी हूं कीं चूं करीत नाहीं. मग घरांतला प्रत्येकजण तेंच बटण आपापल्या परीनें, अधिकाधिक जोर लावून, दाबून पाहतो.

हा प्रसंग घराच्या दारांत आला तर हंसण्यावारी नेतां येतो. परंतु आषाढ-श्रावणांत पुण्याहून चांदणी चौक ओलांडून, पिरंगुट, पौड, माले करीत मुळशीच्या जलाशयाच्या कांठानें ज्या असंख्य मोटारी ताम्हिणी घाटाकडे जातात, त्यांतील एखादीवर तो आला म्हणजे तितका विनोदी राहत नाहीं. महाराष्ट्रांतील अतिवृष्टीच्या ठिकाणांत ताम्हिणीची गणना होते. मंडळी धबधब्याखालीं भिजून परततात तों खिशांतील किल्ली पाण्यानें निथळत असते. घाटांतील कित्येक वळणांवर मोबाइलला रेंज नसते. दिवस मावळण्यापूर्वींच धुकें रस्त्यावर उतरूं लागतें. गाडींत आजोबांचें औषध, धाकट्याचें दूध आणि सर्वांचे कोरडे कपडे. आणि गाडी बंद. पुणें पन्नास-साठ किलोमीटर मागें राहिलेलें. अशा वेळीं कोणी कांच फोडावयाची गोष्ट काढतो, तर कोणी टोचन करून गाडी पौडला नेण्याची. वस्तुतः बहुतेक वेळां या दोहोंचीहि गरज नसते.

गंमत अशी कीं, ज्या जलाशयाच्या कांठीं ही तारांबळ उडते तो विजेसाठींच बांधलेला आहे. टाटांच्या या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनीं १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्यांतूनच 'सेनापति' झाले. धरण मात्र झालें, आणि त्याचें पाणी आजहि सह्याद्रीच्या पोटांतून खालीं भिऱ्याच्या वीजगृहांत उतरून चाकें फिरवितें. त्या पाण्याच्या कांठीं उभें राहून माणसाचें अडतें कशावांचून, तर तीन व्होल्टच्या एका चपट्या सेलावांचून!

या किल्लीविषयीं एक गोष्ट नीट समजून घेतली तर निम्मी भीति जाते. ती एक वस्तु नाहीं. एकाच कवचांत बसविलेल्या त्या तीन निरनिराळ्या किल्ल्या आहेत, आणि एक मेली म्हणून उरलेल्या दोघी मरत नाहींत.

पहिली धातूच्या पात्याची. ती आपल्या आजीच्या जुडग्यांतल्या किल्लीची सख्खी नात होय. कांहीं किल्ल्यांत तें पातें उघड असतें, कांहींत चाकूप्रमाणें झटक्यानें बाहेर येतें, आणि बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांच्या किल्लींत तें कवचाच्या आंत दडविलेलें असतें. पुष्कळ घरांत गाडी घेऊन पांच-पांच वर्षें लोटलीं तरी तें आंत आहे हेंच कोणाला ठाऊक नसतें.

दुसरी बोलकी. बटण दाबतांच ती रेडिओच्या लहरी सोडते. आपल्याकडील मोटारींत या लहरी बहुधा सेकंदाला सुमारें ४३ कोटी कंपनांच्या असतात, आणि मोकळ्यावर त्या कांहीं दहा-वीस पावलें, फार तर त्याहून थोड्या अधिक लांब जातात. (जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या ज्या लहरी ती महादुर्बीण ऐकते, त्यांच्या एका पट्ट्यांतच आपल्या किल्लीची हांक पडते. ब्रह्मांड आणि मोटारीची डिकी यांनीं एकच आळी वांटून घ्यावी, हा योग मौजेचा खराच.) ही बोलकी किल्ली नेहमीं एकच शब्द उच्चारीत नाहीं. तसें असतें तर चोरानें तो एकदां टिपून ठेवावा आणि रात्रीं खुशाल परत उच्चारावा. म्हणून किल्ली आणि गाडी यांना जणूं एकसारख्या मण्यांच्या दोन माळा दिलेल्या असतात. दर दाबण्यासरशीं किल्ली एक मणी पुढें ओढते. गाडी तो मणी आपल्या माळेंत पडताळून पाहते आणि मागचे सर्व मणी कायमचे बाद करते. किल्ली थोडे मणी पुढें गेलेली असली तरी गाडी समजून घेते. पण घरांतल्या नातवानें गाडीपासून दूर, तिसऱ्या मजल्यावर, दिवसच्या दिवस तें बटण खेळणें म्हणून दाबलें, तर किल्ली फार पुढें निघून जाण्याचा संभव असतो, आणि मग गाडी तिला ओळखीनाशी होते. पुष्कळ गाड्यांत जवळ जाऊन लागोपाठ दोन-तीनदां बटण दाबल्यानें, किंवा पात्यानें दार उघडून गाडी एकदां चालू केल्यानें माळा पुन्हां जुळतात. कांहींची जुळणी मात्र गाडीच्या माहितीपुस्तकांत दिलेल्या क्रमानेंच करावी लागते.

तिसरी किल्ली सर्वांत अबोल आणि सर्वांत उपयोगी. इंजिन चालू होऊं द्यावें कीं नाहीं, हें तिच्यावर ठरतें. ती म्हणजे एक बारीकशी चिप, आणि तिला सेल लागतच नाहीं. इंजिनाच्या कुलुपाभोंवतीं किंवा चालू करण्याच्या बटणामागें तारेचें एक वेटोळें असतें. त्याचें चुंबकीय क्षेत्र किल्लींतील चिमुकल्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न करतें. तेवढ्याच विजेवर चिप जागी होते, आपली खूण सांगते आणि पुन्हां निजते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेलें तत्त्वच हें. मात्र या क्षेत्राची धांव दोन-चार बोटांपलीकडे नाहीं, म्हणून तिला अगदीं जवळ न्यावें लागतें.

आतां घाटांतील त्या मंडळींकडे वळूं. त्यांची बोलकी किल्ली मुकी झाली आहे. पण पातें आणि चिप बहुधा शाबूत आहेत. कवचाच्या कडेचा लहान खटका सरकवून पातें बाहेर ओढावें. दाराला किल्लीचें छिद्रच दिसत नाहीं म्हणून येथें कित्येकजण हताश होतात. तें बहुधा चालकाच्या दाराच्या मुठीच्या टोंकास, गाडीच्याच रंगाच्या टोपणाखालीं लपलेलें असतें. टोपणाच्या खालच्या अंगास बारीक फट असते. तींत पात्याचें टोंक घालून तें अलगद उचकटावें. दार उघडतांच गाडी भोंगा वाजवूं लागली तर दचकूं नये. चोर पात्यानेंच येतो अशी तिची समजूत असते. आंत बसून ब्रेक (हातानें गियर बदलण्याच्या गाडींत क्लचहि) दाबावा आणि किल्लीची पाठ चालू करण्याच्या बटणाला टेकवून, किंबहुना किल्लीनेंच तें बटण दाबून, पाहावें. गाडी चालू होते आणि भोंगाहि थांबतो. कांहीं गाड्यांत किल्ली टेकविण्याची जागा बटण नसून सुकाणूच्या दांड्याची बाजू किंवा दोन आसनांमधील एखादा कप्पा असतो. ती माहितीपुस्तकांत चित्रासह दिलेली असते. तें पुस्तक गाडीच्या कप्प्यांत वेष्टनासह जसेंच्या तसें ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. सहलीच्या आदल्या रात्रीं घरांतील एकानें तेवढें एक पान वाचावें आणि इतरांना प्रत्यक्ष करून दाखवावें; आणि 'इतरांना' या शब्दांत गाडी चालविणाऱ्या सुना-लेकी आल्याच, पण न चालविणारे आजोबाहि यावेत. दार उघडण्याला परवाना लागत नाहीं.

ज्या गाड्या किल्ली फिरवून चालू होतात त्यांना तर एवढेंहि करावें लागत नाहीं. पात्यानें दार उघडावें आणि नेहमींप्रमाणें किल्ली फिरवावी. एकदां गाडी चालू झाली कीं वाटेंत शक्य तों बंद करूं नये असें म्हणतात, तें निष्कारण आहे. जी युक्ति एकदां चालली ती पिरंगुटला चहासाठीं थांबल्यावरहि चालेल. फक्त गाडी कुलूपबंद करतांना इतर दारें आंतून लावून घ्यावींत आणि चालकाचें दार बाहेरून पात्यानें लावावें. घाईंत तें राहून जातें, आणि गाडी उघडीच राहते.

घरीं पोंचल्यावर निदान शांतपणें करावें. येथें पहिला प्रश्न दुसऱ्या किल्लीचा. ती चालत असेल तर दोष पहिल्या किल्लींत आहे, हें एका क्षणांत ठरलें. दोन्ही चालत नसतील तर आधीं गाडीकडे पाहावें. आंतला दिवा मंद आहे, काट्यांच्या फलकावर अंधार आहे, हॉर्न घोगरा वाजतो आहे, तर गाडीची स्वतःची बारा व्होल्टची बॅटरी उतरली आहे आणि किल्ली बिचारी निर्दोष आहे. दिवसभर दारें उघडीं टाकून गाणीं वाजविलीं कीं हें सहज घडतें. अशा गाडीला किल्ली कोठेंहि टेकवून उपयोग नाहीं. तिला दुसऱ्या मोटारीची वीज जाड तारांनीं द्यावी लागते, आणि तें काम माहितगारानेंच करावें.

किल्ली गाडीला खेटून चालते पण चार पावलांवरून चालत नाहीं, तर सेल थकला आहे. सर्व बटणें चालतात आणि नेमकें उघडण्याचेंच चालत नाहीं, तर त्या बटणाखालचें रबर किंवा संपर्क झिजला आहे. सेल बदलून तें बरें होत नाहीं. घरीं चालते आणि एखाद्या विशिष्ट ठिकाणींच मुकी होते, तर तेथें दुसऱ्या कोणाचा गोंगाट आहे असें समजावें. त्याच पट्ट्यांत बोलणारीं यंत्रें आतां घरोघर झालीं आहेत: दारावरची बिनतारी घंटा, आपोआप उघडणारें फाटक, आणि काय काय. हिंजवडीहि मुळशी तालुक्यांतच मोडतें. तेथील एखाद्या मोठ्या कचेरीच्या वाहनतळांत, जेथें शेंकडों गाड्या आणि नाना बिनतारी यंत्रें दाटीनें नांदतात, किल्लीची हांक गाडीला ऐकूं येत नाहीं आणि रस्त्यावर येतांच येऊं लागते, असें झाल्यास नवल नाहीं. बटणाच्या गाडींत बसल्यावर 'किल्ली सांपडत नाहीं' अशी सूचना येऊं लागली तर ती मोबाइलला चिकटून तर ठेवलेली नाहीं ना, हेंहि पाहावें. आणि फराळाच्या स्टीलच्या डब्यांत, 'भिजूं नये म्हणून' ठेवलेली किल्ली गाडीला सांपडणार नाहींच. धातूच्या बंद भांड्यांतून या लहरी बाहेर पडत नाहींत.

एक चुकीची परीक्षा हल्लीं फार प्रचारांत आली आहे. दूरदर्शन-संचाचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलें तर पडद्यावर जांभळट ठिपका दिसतो, तसा किल्लीचा दिसत नाहीं, म्हणून किल्ली मेली असें ठरवितात. त्या रिमोटांतून अवरक्त प्रकाश निघतो, किल्लींतून रेडिओलहरी. कोऱ्या करकरीत किल्लीचाहि ठिपका कॅमेऱ्यांत दिसावयाचा नाहीं. कांहीं किल्ल्यांवर दाबतांच लुकलुकणारा बारीक दिवा असतो, तो पाहावा. पण तो लागला म्हणजे सेल निरोगी, असेंहि समजूं नये. दिव्याला पुरणारी वीज लहरीला पुरतेच असें नाहीं.

भिजलेल्या किल्लीचा उपचार मुळशीकडे जाणाऱ्यांनीं पाठच करून ठेवावा. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ती ओली असतांना बटणें दाबीत राहणें. पाणी आणि वीज एकत्र आलीं कीं आंतील तांबें हिरवें पडूं लागतें. नुसत्या पाण्यानें इतकी हानि इतक्या लौकर होत नाहीं. म्हणून शक्य तितक्या लौकर कवच उघडून सेल काढावा, फडक्यानें टिपावें आणि आंतली पट्टी पंख्याच्या वाऱ्यावर दिवसभर वाळूं द्यावी. केस वाळविण्याचें यंत्र, शेगडी, तवा यांच्या जवळ नेऊं नये. तांदुळाच्या डब्यांत पुरण्याचा उपाय सर्वतोमुखीं झाला आहे. त्यांत तांदुळाची पांढरी पूड मात्र फटींतून आंत जाते आणि वाळण्याचें काम मोकळ्या हवेपेक्षां विशेष लौकर होत नाहीं. मावळांतला आंबेमोहोर भातालाच राहूं द्यावा. तोच घाट उतरून मंडळी दिवेआगर-श्रीवर्धनला गेलीं आणि किल्ली समुद्रांत पडली, तर गोष्ट वेगळी: खारट पाणी आंत वाळूं देतां कामा नये. सेल काढून पट्टी आधीं स्वच्छ गोड्या पाण्यानें, मिळाल्यास पिण्याच्या बाटलींतल्या, धुवावी आणि मग वाळवावी. धुणें ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पण सेल काढलेल्या पट्टीला गोड्या पाण्याचें भय नाहीं, मिठाचें आहे. हिरवट डाग धरलेच असतील तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ दांतघांशणीनें ते निघतात. हात चोळण्याचें सॅनिटायझर त्या कामीं वापरूं नये, त्यांत बहुधा ग्लिसरीन असतें.

सेल बदलणें हें काम कोणालाहि येण्याजोगें आहे. त्याच्या पाठीवर आंकडा असतो, तो तोंडपाठ करण्याऐवजीं समजून घ्यावा. 'सीआर २०३२' यांतील २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ हा अडीच मिलिमीटरचा, २०१६ हा १.६ चा. दिसायला सारखेच म्हणून दुकानदारानें २०३२ ऐवजीं २०२५ दिला, तर तो खोबणींत बसतो खरा, पण सैल राहतो आणि किल्ली मनाला येईल तेव्हां चालते. कोणी विजेच्या मापकानें सेल तपासीत असेल तर त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, नवा सेल तीन व्होल्टांहून किंचित् अधिक दाखवितो. पावणेतीनांच्या खालीं गेलेला टाकावा. आणि जुना सेल कामाशिवाय पुरे तीन दाखवूनहि काम पडतांच मान टाकूं शकतो.

कवच ताटांत धरून उघडावें, ही सूचना क्षुल्लक वाटेल पण ती महत्त्वाची आहे. जुन्या धर्तीच्या कांहीं किल्ल्यांत ती तिसरी अबोल किल्ली पट्टीला जोडलेली नसून कवचाच्या एका खांचेंत नुसती बसविलेली असते. ती तांदुळाच्या मोठ्या दाण्याएवढी कांचेची नळी किंवा चिंचोक्याहून लहान काळा तुकडा असतो. कवच उघडतांना ती टपकन् पडते, केरांत जाते, आणि नवा सेल घातल्यावर दारें छान उघडतात, पण इंजिन कांहीं केल्या चालू होत नाहीं. सेलाची अधिक खूण कोणत्या बाजूस होती तें काढण्यापूर्वीं पाहावें, दोन्ही पृष्ठें एका वेळीं धातूच्या चिमट्यानें धरूं नयेत, आणि नवा सेल घालण्यापूर्वीं कोरड्या फडक्यानें पुसावा. हल्लीं कांहीं सेलांवर, मुलांनीं तोंडांत घातल्यास थुंकावेत म्हणून, कडू लेप देतात. लेप अत्यंत स्तुत्य आहे. पण एखाद्या किल्लींत तोच संपर्क अडवितो आणि नवा सेल नादुरुस्त निघाला असा समज होतो.

तो कडू लेप कां देऊं लागले, हें मात्र प्रत्येक घरानें नीट जाणून घ्यावें; या लेखांतील बाकी सर्व विसरलें तरी चालेल. वीस मिलिमीटरचा हा सेल लहान मुलानें गिळला तर तो अन्ननलिकेंत अडकूं शकतो. तेथील ओलाव्यांतून वीज वाहूं लागते, सेलाच्या एका अंगास तीव्र क्षार तयार होतो, आणि दोन तासांच्या आंत अन्ननलिका गंभीर रीतीनें भाजूं शकते. मुलें यांत दगावलीं आहेत. सेल फुटावा किंवा गळावा लागतो असें नाहीं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: जो सेल किल्लीला पुरत नाहीं, ज्याला आपण 'मेला' म्हणून खिडकीच्या फळीवर ठेवतों, त्याच्यांत भाजण्यापुरती वीज बाकी असते. नव्यापेक्षां जुन्याचेंच भय अधिक, कारण नवा वेष्टनांत असतो आणि जुन्याकडे कोणाचें लक्ष नसतें. ज्या घरांत चार भावांचीं मुलें एकाच दिवाणखान्यांत रांगतात, तेथें तर हें विशेष.

मुलानें सेल गिळला असा नुसता संशय आला तरी क्ष-किरण चित्राची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयांत तत्काळ न्यावें. लाळ गळणें, घांस नाकारणें, खोकला, उलटी हीं लक्षणें दिसतील किंवा प्रारंभीं कांहींच दिसणार नाहीं. वाट पाहूं नये. ओकारी काढूं नये, केळें-भात भरवूं नये. मूल एक वर्षाहून मोठें असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळतां येत असेल, तर वाटेंत दर दहा मिनिटांनीं चहाचे दोन चमचे मध, फार तर सहा वेळां, द्यावा अशी विषोपचार-तज्ज्ञांची शिफारस आहे. मधानें क्षाराचा मारा थोडा सौम्य होतो. तो उपचार नव्हे, आणि मध शोधण्यांत पांच मिनिटेंहि घालवूं नयेत. एक वर्षाच्या आंतील मुलास मध मुळींच देऊं नये. सेल नाकांत किंवा कानांत घातला तरी तितकीच घाई करावी. आतां ताम्हिणीपासून पुण्यांतील मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता, पावसांत आणि रविवारच्या गर्दींत, किती वेळ घेतो याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. म्हणूनच घाटांत, गाडीच्या मागच्या आसनावर मुलांच्या घोळक्यांत सेल बदलण्याचा उद्योग करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. गाडी सेलाशिवाय चालू होते हें वर सांगितलेंच आहे. सेल घरीं, एका मोठ्या माणसानें, उंच मेजावर बदलावा; जुन्याच्या दोन्ही अंगांस चिकटपट्टी गुंडाळावी आणि तो केरांत न टाकतां वापरलेल्या बॅटऱ्या घेणाऱ्या ठिकाणीं द्यावा. किल्लीचें कवच सैल झालें असेल, पडल्यावर उघडत असेल, तर नवें कवच घ्यावें. तें स्वस्त मिळतें, आणि जुनी पट्टी, चिप व पातें त्यांत बसवितां येतात.

राहिली दुसरी किल्ली. गाडी विकत घेतांना दोन मिळतात आणि एक कपाटांत जाते. दोघींचे सेल एकाच वेळीं घातलेले असतात, त्यामुळें पहिलीचा संपला कीं दुसरीचाहि बदलून टाकावा. दोन्ही हरवल्या किंवा पट्टीच निकामी झाली तर नवी किल्ली गाडीला 'शिकवावी' लागते. हें काम कंपनीच्या केंद्रांत होतें, कांहीं गाड्यांचें बाहेरचे जाणते किल्लीवालेहि करतात, आणि खर्च सेलाच्या शेंकडोपट असतो. तेथें गाडीच्या नोंदणीचे कागद मागतात, तें योग्यच आहे. काम झाल्यावर गाडीच्या स्मरणांत एकूण किती किल्ल्या नोंदल्या आहेत तें दाखवा म्हणून आपणहि मागावें, आणि हरवलेल्या किल्लीचें नांव पुसून घ्यावें. नुसत्या पात्याची एक साधी नक्कल कोपऱ्यावरचा किल्लीवाला, तशी कोरी कांब त्याच्यापाशीं असली तर, थोड्या पैशांत करून देतो. तिनें इंजिन चालू होत नाहीं, पण दार उघडतें. किल्ली आंत राहून दारें लागलीं आणि तान्हें मूल आंत असलें, तर तेवढ्यानें कांच वांचते आणि त्याहून मोलाचा वेळ वांचतो. ही नक्कल घरांतील बाईंच्या पाकिटांत असूं द्यावी. मूळ दुसरी किल्ली सहलीच्या दिवशीं पुण्याच्या कपाटांत नसावी आणि गाडीच्या कप्प्यांत तर नसावीच. बरोबरच्या दुसऱ्या एका माणसापाशीं, तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवींत ती असावी, आणि तें माणूस शक्य तों धबधब्याखालीं न जाणारें निवडावें.